कार्डाची साक्ष



केवळ चुंबकीय पट्टी असलेलीं कार्डें बदलण्यास रिझर्व्ह बँकेनें ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घालून दिली, आणि कार्डावरील सोनेरी चौकोन आपल्याकडे घरोघरीं परिचयाचा झाला. त्या चौकोनाखालीं एक चिमुकला संगणक असतो व त्याच्या पोटांत एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली कार्ड कोणाच्याहि हातीं देत नाहीं. समोरच्या यंत्रानें एखादी संख्या पुढें केली, कीं किल्लीच्या साहाय्यानें तिचें उत्तर काढून तेवढेंच तें परत करतें. या गुणामुळेंच दारांचीं कुलुपें, पैसे स्वीकारणारीं यंत्रें, संकेतशब्द जपणारीं उपकरणें अशा नाना संरक्षक साधनांना कार्ड वाचण्याची सोय जोडण्यांत येते.

जोडणीचें काम फारसें बिकट नाहीं. आयएसओ ७८१६ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानें सर्व व्यवहार नेमून दिलेला आहे. वीज, घड्याळाचे ठोके, पुनरारंभाची खूण आणि संभाषण यांना चौकोनावर वेगवेगळ्या जागा आहेत. कार्डास ५, ३ किंवा १.८ व्होल्टांचा दाब लागतो. कोणता, तें ठाऊक नसल्यास यंत्रानें खालच्या दाबापासून आरंभ करावा. पुनरारंभाची खूण मिळतांच कार्ड अधिकांत अधिक ३३ बाइटांत आपला परिचय देतें, आणि मग प्रश्नोत्तरें सुरू होतात.

खरा धोका येथूनच पुढें आहे. 'पिन बरोबर आहे काय?' असें यंत्र विचारतें, आणि 'होय' असें उत्तर येतें. परंतु हें 'होय' कार्डाचेंच कशावरून? केंब्रिज विद्यापीठांतील स्टीव्हन मर्डॉक, रॉस अँडरसन व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं याचा छडा लावला. त्यांनीं कार्ड आणि दुकानांतील यंत्र यांच्यामध्यें आपलें एक उपकरण बसविलें. तें पिनची विचारणा कार्डापर्यंत पोहोंचूंच देत नसे व स्वतःच 'होय' म्हणून मोकळें होई. सही घेऊन सौदा होत आहे, अशी बिचाऱ्या कार्डाची समजूत! भलतेच अंक दाबूनहि सौदा पार पडला; कारण त्या 'होय'वर गुप्त किल्लीची मोहोर नव्हती.

हा प्रयोगशाळेंतला खेळ राहिला नाहीं. फ्रान्समध्यें २०११ सालीं उघडकीस आलेल्या प्रकरणांत भामट्यांनीं चोरीच्या कार्डांवर दुसरी चिप बेमालूम बसविली होती. क्ष-किरणांच्या परीक्षेंत तें बिंग फुटलें. तोंवर सुमारें सहा लक्ष युरोंची लूट झाली होती.

म्हणून यंत्र घडविणारानें तीन पथ्यें पाळावींत. प्रत्येक वेळीं नवी, अकल्पित संख्या देऊन कार्डाकडून मोहोरबंद उत्तर घ्यावें. पिन तपासल्याची नोंदहि त्याच मोहोरेखालीं असावी व ती पडताळून पाहावी. आणि पिनचे अंक परक्या संगणकावर न दाबतां यंत्राच्या स्वतःच्या कळांवरच दाबावयास लावावे.

साक्षीदार सत्यवचनी असला, तरी त्याची साक्ष वाटेंत कोणी बदलली नाहीं ना, हें न्यायाधीशाला पाहावेंच लागतें. कार्ड वाचतां येणें ही अर्धीच विद्या होय; वाचलेलें पारखून घेणें ही उरलेली अर्धी.