समुद्रतळावरील सल्फाइड खनिजे : शोधाचे अर्थकारण

महासागरांच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगांतील भेगांमधून समुद्राचे पाणी खोल झिरपते, शिलारसाच्या सान्निध्यात ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि खडकांतील धातू विरघळवून पुन्हा वर उसळते. तळाच्या थंडगार पाण्यात मिसळताच तांबे, जस्त व लोह यांची सल्फाइडे साचू लागतात. त्यांत सोन्या-चांदीचाही अंश असतो. हीच बहुधात्विक सल्फाइडे होत.

कुंभकोणमच्या भांड्यांपासून विद्युत वाहनांपर्यंत तांब्यावाचून चालत नाही. २०१८ मध्ये तमिळनाडूतीलच तुतिकोरिनचा तांबे प्रकल्प बंद झाल्यावर भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार बनला. त्यामुळे या साठ्यांविषयी आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि २६ सप्टेंबर २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी झालेला पंधरा वर्षांचा करार खाणकामाचा नसून केवळ अन्वेषणाचा आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्यानुसार मध्य व नैऋत्य हिंदी महासागरीय रांगांवरील १०,००० चौ. कि. मी. क्षेत्र भारताला मिळाले. २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा करार झाला.

नियमांप्रमाणे आठव्या वर्षाअखेर निम्मे आणि दहाव्या वर्षाअखेर तीन-चतुर्थांश क्षेत्र परत करावे लागते. कोणता भाग सोडावा, हाच खरा आर्थिक निर्णय होय. आणि तो माहितीवाचून घेणे म्हणजे निव्वळ जुगार.

ही माहिती मिळवण्याचे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राकडे आहे. प्रथम जहाजावरून तळाचा नकाशा काढला जातो व पाण्यातील तापमान, गढूळपणा यांतील फरक टिपले जातात. नंतर बॅटरीवर चालणारे स्वायत्त वाहन तळालगत फिरून छायाचित्रे घेते. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच वाहनाने सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील जिवंत उष्णजल-झऱ्याची छायाचित्रे टिपली. दूरनियंत्रित वाहन मात्र केबलने जहाजाशी जोडलेले असते. वीज व चित्रे त्या केबलमधूनच जातात-येतात आणि यांत्रिक हातांनी नेमका खडक उचलता येतो. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब ६०००’ हे वाहन २०१० मध्ये ५,२८९ मीटरपर्यंत उतरले होते.

अडचण अशी की, जिवंत झरे उष्णतेमुळे सापडतात, पण तेथे दुर्मीळ जीवसृष्टी असते. थंडावलेले ढिगारे खाणकामास अधिक सोयीचे. परंतु ते पाण्यात उष्णतेचा माग ठेवत नाहीत. शिवाय पृष्ठभागावरील नमुन्यावरून साठ्याची जाडी कळत नाही, त्यासाठी वेधनच करावे लागते.

पापुआ न्यू गिनीजवळील ‘सोलवारा-१’ प्रकल्पात त्या देशाच्या सरकारचा १५ टक्के वाटा होता. साठ्याचा अंदाज बांधलेला होता, यंत्रेही तयार होती. पण भांडवल आटले आणि उत्खनन सुरू होण्यापूर्वीच, २०१९ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेली.