मासेमारीच्या नियमांविषयीचे मत कसे मोजावे?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1981 चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1 जून ते 31 जुलै या काळातील पावसाळी बंदी, माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 मध्ये आलेले निर्बंध आणि 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी ठरवलेले किमान कायदेशीर आकारमान असे अनेक नियम लागू असून, अथांग दर्यात प्रत्येक नौकेमागे गस्त घालणे शक्य नसल्याने हे नियम पाळले जाणे पुष्कळ अंशी ते मच्छीमारांना न्याय्य वाटतात की नाही यावरच अवलंबून असते. म्हणूनच हितसंबंधीयांचे, म्हणजे नियमांचा ज्यांच्या उपजीविकेवर परिणाम होतो त्या सर्वांचे, मत मोजणे गरजेचे ठरते.

त्यासाठी रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेली श्रेणी सर्रास वापरतात; तीत एखाद्या विधानाशी ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत 1 ते 5 गुण दिले जातात. मात्र पर्ससीनवरील निर्बंधांना मालवणच्या रापणकराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराने, 5 आणि पर्ससीनधारकाने 1 गुण दिला, तर सरासरी 3, म्हणजे ‘तटस्थ’ निघते आणि दोघांपैकी कोणाचेही नसलेले मत अहवालात जाते. प्रश्नाची शब्दरचना तर याहून नाजूक असते. ‘सध्याची बंदी मान्य आहे का?’ या प्रश्नाला बंदी लवकर उठावी असे वाटणारा नौकामालक आणि नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटू नये ही रीत मानणारा पारंपरिक मच्छीमार, दोघेही ‘नाही’ म्हणू शकतात. एकाला ती लांब वाटते, दुसऱ्याला अपुरी.

नियमभंगाविषयी विचारताना भीती आड येते, कारण मालकादेखत खलाशी मोकळेपणाने बोलत नाही. यावर यादृच्छिक प्रतिसाद पद्धतीचा उपाय आहे, जिचा पाया स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये घातला. तिच्या एका प्रकारात उत्तर देणारा कोणाला न दाखवता फासा टाकतो. 1 पडल्यास ‘हो’, 6 पडल्यास ‘नाही’ आणि अन्यथा खरे उत्तर देतो. समजा, 600 जणांपैकी 260 जणांनी ‘हो’ म्हटले, तर त्यातील सुमारे 100 फाशाचे मानून उरलेले 160 हे खरे बोललेल्या सुमारे 400 जणांतले ठरतात, म्हणजे नियमभंगाचे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास येते आणि कोणा एकावर बोटही ठेवता येत नाही.

तरीही उत्तरदात्यांची निवड केवळ परवानाधारक नौकांच्या नोंदींवरून केली, तर नौका नावावर नसलेली मासेविक्रेती कोळीण, जिची टोपली बंदीच्या दोन महिन्यांत ताज्या मासळीविना राहते, तिला प्रश्न विचारलाच जात नाही.