साताऱ्याचा रेसिडेंट, झुलूंचा काळ

5 एप्रिल 1848 रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ अप्पासाहेब महाराज वारले. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. त्या दत्तकाचा हक्क मान्य करावा, असे कंपनी सरकारला आग्रहाने कळवणारा माणूस म्हणजे साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर. गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याचे ऐकले नाही. राज्य खालसा झाले आणि त्याचा कारभार फ्रिअरलाच पाहावा लागला. पुढे तीसेक वर्षांनी याच माणसाने आफ्रिकेतले एक स्वतंत्र राज्य लढाई लादून मोडले. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

फ्रिअरचा जन्म 1815 मध्ये वेल्समध्ये झाला. 1834 साली तो मुंबईला आला आणि पुण्याच्या महसूल खात्यात काम शिकला. साताऱ्यानंतर 1850 पासून नऊ वर्षे तो सिंधचा कमिशनर होता. वरिष्ठ दूर, निर्णय तातडीचे. आधी करायचे आणि मग कळवायचे, ही सवय त्याला तिथे जडली असावी, असे मला वाटते. 1862 ते 1867 या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. कापसाच्या तेजीत किल्ल्याचे तट त्याच्याच कारकिर्दीत पाडले गेले आणि शहर मोकळे झाले. तेजी ओसरली तेव्हा बँक ऑफ बॉम्बे बुडाल्याचा ठपकाही त्याच्यावर आला.

आफ्रिकेशी त्याचा संबंध जडला तो गुलामांच्या व्यापारामुळे. हा व्यापार बंद करण्याचा करार करून घेण्यासाठी 1872 च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने त्याला झांझिबारला पाठवले. सुलतान बर्घशने त्याच्या तोंडावर नकार दिला, पण आरमारी नाकेबंदीची धमकी मिळताच जून 1873 मध्ये करारावर सही केली. समुद्रमार्गे होणाऱ्या गुलामांच्या ने-आणीवर बंदी आली, झांझिबारचा गुलामबाजारही उठला. फ्रिअरच्या आयुष्यातले हे सर्वांत चांगले काम.

गुलाममुक्तीच्या कामात नाशिकचा वाटा मोठा आहे. ब्रिटिश नौदलाने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन आश्रमात शिकत. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 मध्ये आफ्रिकेचा शोध घेणारा प्रवासी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीची प्रार्थना जेकबने म्हटली आणि पुढे पार्थिवासोबत तो थेट इंग्लंडपर्यंत गेला. अशा शिकलेल्या आफ्रिकी तरुणांच्या आधाराने मुक्त गुलामांची वसाहत उभारावी, अशी फ्रिअरची सूचना होती. त्यातून मोंबासाजवळ फ्रिअरटाऊन वसले.

1877 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाला. तिथल्या वसाहती आणि डच वंशाच्या बोअरांची राज्ये एका छत्राखाली आणायची, ही लंडनची योजना होती. तिच्या आड झुलूंचा राजा सेट्श्वायो येतो, अशी फ्रिअरची खात्री झाली. सेट्श्वायोने इंग्रजांची कुरापत काढली नव्हती. उलट, सीमेच्या वादात ब्रिटिशांनीच नेमलेल्या आयोगाने बराचसा कौल झुलूंच्या बाजूने दिला होता. फ्रिअरने तो काही महिने दाबून ठेवला आणि 11 डिसेंबर 1878 रोजी जाहीर केला, तोही अंतिम इशाऱ्यासोबत. त्यात सैन्यव्यवस्था मोडण्याची अट होती. ती मान्य करणे म्हणजे राज्य सोडण्यासारखेच होते, आणि फ्रिअरला हे कळत होते. लंडनला हे युद्ध नको होते. पण केपपर्यंत तारेची सोय नव्हती, पत्रांना आठवडे लागत. मंत्र्यांचा नकार हाती येईपर्यंत डाव टाकून झाला होता.

22 जानेवारी 1879 रोजी इसांडल्वाना इथे सुमारे वीस हजार झुलूंनी ब्रिटिश तळ उद्ध्वस्त केला. ब्रिटिश बाजूचे तेराशेहून अधिक लोक मारले गेले. इंग्रजांनी कुमक आणली, 4 जुलैला झुलूंची राजधानी उलुंडी जाळली, राजाला कैद केले आणि झुलूंच्या देशाचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांत वाटले. त्यातून तिथे यादवी पेटली.

1880 मध्ये फ्रिअरला परत बोलावले गेले. मी त्याला खलनायक म्हणणार नाही. गुलामांविषयीची त्याची कळकळ खरी होती. पण परक्या लोकांचे भले आपल्याला त्यांच्याहून अधिक कळते, असे तो मानत होता आणि त्याला आवरणारे जवळ कोणी नव्हते. साताऱ्यात त्याचा न्याय्य सल्ला वरून फेटाळला गेला. झुलूंच्या देशात त्याचा अन्याय वेळेत कोणी थांबवला नाही. सेट्श्वायो फेब्रुवारी 1884 मध्ये वारला, फ्रिअर त्याच वर्षीच्या मे महिन्यात. त्याला लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये पुरले आहे.