व्हेनिअर: दात घासून घेण्याआधी

(रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

विषय तुम्हीच सुचवलेला आहे, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. ‘व्हेनिअर’ हा शब्द मोबाइलमुळे आता गावोगाव पोचलाय. रीलमध्ये आधी पिवळे दात दिसतात आणि पुढच्या क्षणाला पांढरेशुभ्र. मधे काय घडलं ते कोणी दाखवत नाही. मी आज ते मधलंच सांगणार आहे.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर कायमचा चिकटवलेला पातळ पापुद्रा. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा, म्हणजे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढा समजा. तो चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा, म्हणजे पोर्सेलीनचा असतो, नाहीतर कंपोझिटचा. कंपोझिट म्हणजे कीड साफ केल्यावर आम्ही दाताच्या रंगाचं जे सिमेंट भरतो ना, तेच. पोर्सेलीनचा पापुद्रा लॅबमधून बनून येतो. कंपोझिटचा बहुतेक वेळा डॉक्टर खुर्चीतच, तुमच्या दातावरच घडवतात.

आता हा पापुद्रा बसवायचा तर त्याला जागा हवी. नाहीतर दात जाड, पुढे आलेला दिसेल. म्हणून बहुतेक वेळा समोरून दात थोडा घासतात. तुम्ही सकाळी ब्रशनं घासता तसा नव्हे, हिऱ्याच्या बारीक कणांच्या फिरत्या टोकानं. काय घासलं जातं? इनॅमल. आणि माझं सगळं व्याख्यान या एका थराभोवती फिरणार आहे.

इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनानं पाहिलं तर सुमारे ९६ टक्के खनिज. पण तो फार जाड नसतो. समोरच्या दाताच्या धारेकडे एक मिलिमीटरच्या आसपास आणि हिरडीजवळ त्याच्या निम्मा, कधी त्याहूनही कमी. तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नष्ट होतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, नख वाढतं. इनॅमल एकदा गेलं की गेलं. म्हणून व्हेनिअरसाठी दात घासायला दिला की तो दात पुढे जन्मभर कशानं तरी झाकलेलाच ठेवावा लागणार, हे धरून चालायचं. ‘नाही आवडलं तर काढून टाकू’ ही सोय त्यात नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यात गंमत आहे. पांढरे दात म्हणजे सुंदर, हे आपल्याकडे काही सनातन नाही. महाराष्ट्रात लग्न झालेल्या बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करायच्या आणि ते शोभेचं, सौभाग्याचं मानलं जायचं. त्या काळातल्या एखाद्या सासूबाईंना आजची रील दाखवली असती तर त्यांनी काय म्हटलं असतं, विचार करा! इकडे १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्यानं सिनेनटांसाठी दातांवर लावायचे पातळ मुखवटे बनवले. ते फक्त शूटिंगपुरते. नाटकातली खोटी मिशी जशी लावतात आणि खेळ संपला की काढतात, तसेच. शर्ली टेंपल या बालनटीचे दुधाचे दात पडायला लागले तेव्हा पडद्यावर फटी दिसू नयेत म्हणून तिलाही त्यानंच ते करून दिले होते. ते टिकत नव्हते, कारण दाताला घट्ट चिकटेल असं काही नव्हतंच.

ते जमलं १९५५ मध्ये. मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिलं की इनॅमलवर फॉस्फरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतलं तर पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांचा होतो आणि पातळ राळ त्यात शिरून घट्ट बसते. गवंडी गुळगुळीत भिंतीवर प्लास्टर करण्याआधी टाचे मारतो की नाही? तेच हे. पुढे १९८०च्या दशकात पोर्सेलीनच्या आतल्या बाजूलाही वेगळ्या आम्लानं तसेच टाचे मारायची पद्धत आली आणि आजचं व्हेनिअर उभं राहिलं. यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की ही पकड सगळ्यात भक्कम बसते ती इनॅमलवर. खालचा पिवळसर थर, डेंटिन, हा ओलसर आणि जिवंत असतो, तिथली पकड कमी भरवशाची. म्हणजे जो डॉक्टर जास्त घासतो तो दातही कमी करतो आणि पकडही.

आता आपल्याकडचं बोलू. विदर्भातली मुलगी किंवा मुलगा दातांच्या रंगाची तक्रार घेऊन येतो, त्याची कारणं पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जरा वेगळी असतात. पहिलं कारण पाणी. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. हिरडीच्या आत कायमचे दात घडत असतात त्या वयात, म्हणजे ढोबळमानानं आठ वर्षांच्या आत, मुलानं असं पाणी सतत प्यायलं तर इनॅमल नीट पक्कं होत नाही. दात उगवतात तेच पांढरट खडूसारखे किंवा तपकिरी पट्ट्यांचे. घासून जात नाहीत, कारण तो मळ नाहीच.

अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. बी.ए. झालेली, हुशार. हसताना ओढणी तोंडावर जाते. पाहुणे पाहायला येतात, चहा घेतात आणि निरोप येतो, ‘मुलगी चांगली आहे, पण...’ तिला ‘दिसण्यात काय आहे बाई’ असं सांगणं मला पटत नाही. ते सांगणाऱ्याचे दात सहसा चांगले असतात. तिची इच्छा खरी आहे, तिच्यावर उपचारही आहेत. फक्त त्यांचा क्रम असतो, आणि तो क्रम उलटा केला की नुकसान तिचंच.

आधी साधी साफसफाई. कितीतरी लोकांचे दात नुसत्या स्केलिंगनं आणि पॉलिशनं निम्मे सुधारतात. मग ब्लिचिंग: डॉक्टरांनी मापानं बनवलेल्या ट्रेमध्ये दहा टक्क्यांचं कार्बामाइड पेरॉक्साइड घालून रात्री लावायचं, दोन-तीन आठवडे. तपकिरी डाग फिके होतात. पांढरे ठिपके सुरुवातीला उलट उठून दिसतात, घाबरू नये. डाग वरवरचे असतील तर मायक्रोअब्रेजन, म्हणजे सौम्य आम्ल आणि प्युमिसची पूड यांनी अगदी वरचा, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा थर काढणं. खडूसारखे ठिपके असतील तर त्यांत पातळ राळ मुरवण्याचीही पद्धत आहे. एवढ्यानंही नाही भागलं तर दोन-चार दातांवर कंपोझिट. ते बहुतेक न घासता किंवा नाममात्र घासून बसतं, तुटलं तर खुर्चीतच सांधता येतं. पोर्सेलीन व्हेनिअर यानंतर. डाग खोल असतील, इनॅमलला खड्डे पडले असतील तर तेच योग्य, आणि तिथे मी स्वतः ते सुचवते. अशा इनॅमलवर आम्लाचा परिणाम कमी होतो, त्यामुळे चिकटवताना जास्त काळजी लागते. ‘फ्लोरोसिसचे दात आहेत’ हे डॉक्टरांनी आधी ओळखलेलं असावं.

दुसरं कारण तुम्हाला माहीत आहे, हसू नका. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. आणि बायकांमध्ये मिश्री, नस. डाग निघतील हो, पण खर्रा चालू ठेवून व्हेनिअर लावाल तर पोर्सेलीन पांढरं राहील आणि त्याच्या कडेची चिकटवलेली रेघ काळी पडेल. प्रत्येक दाताला काजळ घातल्यासारखी. शिवाय सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं. आता इथेच करून पाहा: आपली तीन बोटं उभी एकावर एक ठेवून पुढच्या दातांच्या मधे जातात का? ज्यांची जात नाहीत त्यांनी व्हेनिअरचा विषय आज सोडा आणि तोंड तपासून घ्या. सुपारी एकटी, तंबाखूशिवायही, कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं स्पष्ट म्हटलेलं आहे. दाताचा रंग त्यापुढे किरकोळ.

आता जिथे लोक फसतात तिथे येते. व्हेनिअरच्या नावाखाली कॅप. व्हेनिअर फक्त समोर बसतं. कॅप दाताला चारी बाजूंनी घासून वरून टोपीसारखी घालतात. दाताचा किती भाग जातो याचं २००२ साली प्रसिद्ध झालेलं एक मोजमाप आहे: हिरडीवरच्या दाताच्या वजनातून व्हेनिअरसाठी प्रकाराप्रमाणे ३ ते ३० टक्के, आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. किडलेल्या, रूट कॅनाल केलेल्या दाताला कॅप हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण पंचविशीतल्या माणसाचे धडधाकट सहा-आठ दात खुंटीसारखे घासून कॅप घालणं, तेही रंगासाठी, हे मला अजिबात मान्य नाही. त्यातले काही दात पुढे दुखतात, त्यांची आतली नस मरते, मग रूट कॅनाल. काम झाल्यावर आरशात दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून आधी विचारायचं: ‘किती घासणार? मागच्या बाजूनं हात लावणार का? घासणं इनॅमलमध्येच राहील का?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणखी एक मागा: नमुना. घासण्याआधी दातांवर तात्पुरतं साहित्य लावून नवं हसू कसं दिसेल ते दाखवता येतं, आणि ते लगेच काढता येतं. ते लावून बोलून पाहा, ‘फळ’, ‘वर्धा’, ‘विदर्भ’ म्हणून पाहा, घरच्यांना दाखवा. रंग दिवसाच्या उजेडात आणि दात ओले असताना ठरवावा. सुकलेला दात मूळच्यापेक्षा पांढरा दिसतो. अगदी चुन्यासारखा पांढरा रंग मागू नका. खरा दात हिरडीकडे जरा पिवळा आणि धारेकडे जरा पारदर्शक असतो. सगळा एकसारखा पांढरा केला की लोकांचं लक्ष हसण्याकडे न जाता दातांकडे जातं.

टिकण्याचं म्हणाल तर इनॅमलवर नीट बसवलेलं पोर्सेलीन दहा-पंधरा वर्षं जातं, कंपोझिट साधारण पाच-सात. म्हणजे बाविसाव्या वर्षी पोर्सेलीन केलं तर साठीपर्यंत दोन-तीनदा नव्यानं खर्च, आणि खर्च दातामागे हजारोंत. समोरच्या दातांनी ऊस सोलणं, बाटलीचं झाकण उघडणं, दोरा तोडणं बंद. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री घालायचा गार्ड लागतो, नाहीतर पापुद्रे तडकतात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्याचा इलाज. आणि अठराच्या आतल्या मुलांचे दात घासायची घाई नको, त्यांच्या दातातली नस मोठी, पृष्ठभागाच्या जवळ असते.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: मॅडम, मोठ्या शहरात गेल्याशिवाय हे होत नाही का जी?

– होतं की. सावंगी (मेघे) इथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण खर्च खासगीपेक्षा कमी असतो आणि तपासणी घाईत होत नाही. खासगीत गेलात तर डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का ते पाहा. बाजारात बसून दातावर प्लास्टिकचा थर चढवून देणारे असतात, त्यांच्याकडे कृपा करून जाऊ नका. त्याखाली दात किडतो आणि वरून कळतही नाही.

प्रश्न: माह्या मोठ्या पोराच्या दातावर असेच पट्टे हायेत. लहान्याचे अजून दुधाचेच हायेत. त्यालेही होईन का?

– त्याच बोअरचं पाणी पीत राहिला तर होऊ शकतं, म्हणून हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. ते पाणी तपासून घ्या, ग्रामपंचायतीमार्फत नमुना देता येतो. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. तुरटी आणि चुना वापरून ते काढायची ‘नलगोंडा’ पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरीनं विकसित केलेली आहे. पण घरी अंदाजानं तुरटी टाकू नका, तिचं माप पाण्याच्या तपासणीवर ठरतं. तोवर धाकट्याला पिण्यासाठी दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी द्या. आणि टूथपेस्ट गिळू देऊ नका, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पुरे.

प्रश्न: माझं लग्न दीड महिन्यावर आलंय. व्हेनिअर होईल का?

– वेळेत बसतील, पण घाईत दात घासून घेऊ नका. या आठवड्यात स्केलिंग करून घ्या. मग दोन आठवडे ट्रेचं ब्लिचिंग. ते थांबवल्यावर निदान दोन आठवडे मधे सोडा, कारण लगेच काही चिकटवलं तर पकड नीट बसत नाही. त्यानंतरही एखादा दात खटकला तर त्यावर कंपोझिट, ते एका बैठकीत होतं. एवढं दीड महिन्यात आरामात बसतं. पोर्सेलीनचं लग्नानंतर, सवडीनं ठरवा, आणि तेव्हाही आधी नमुना मागा.