मोगलाईच्या वेशीवरची आगगाडी

त्या दिवशी बीडच्या स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. 17 सप्टेंबर 2025. मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. कोणी रुळाला हात लावून पाहत होते, कोणी नातवाला खांद्यावर घेऊन इंजिन दाखवीत होते. माझ्या शेजारचे एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "चला, आता उधारी चुकवायला हवी!" आमच्या गल्लीतली ती जुनी थट्टा. पैसे केव्हा देणार म्हणून विचारले, की उत्तर ठरलेले, "बीडला रेल्वे आली की देतो." विचारणारा काय ते समजून जाई.

मला मात्र त्या गर्दीत माझी आजी आठवली. ती मूळची केजची. पंढरपूरला जायचे म्हणजे बैलगाडीने येडशी गाठायची आणि तेथे 'बार्शी लाइट'मध्ये बसायचे. तेव्हा बीड, येडशी, लातूर हा सारा मुलूख निजामाचा. लोकांच्या तोंडी 'मोगलाई'. बार्शी मात्र इंग्रजांची. हद्दीवर करोडगिरीचे नाकेदार गाठोडी तपासायचे, आणि निजामाचा हाली रुपया देऊन इंग्रजी कलदार घ्यावा लागायचा. आजी म्हणायची, "विठोबा एकच रे, पण त्याच्या वाटेवर रुपये दोन!"

ही गाडी लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर ती उभी केली. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी रस्ता सुरू झाला, आणि पुढे हद्द ओलांडून 1911 मध्ये तो लातूरला पोचला. वारकरी खूष झाले, कापसाचे व्यापारीही खूष झाले. गाडी कोणत्या साहेबाची, याची आजीला काय पर्वा? तिची पायपीट वाचली, एवढे तिला पुरे होते.

परंतु वाचकहो, परक्यांच्या आगगाडीचे सगळ्यांनीच असे मुकाट्याने स्वागत केले नव्हते. आमच्याच संस्थानात त्याआधी एक प्रकरण गाजले होते. साल 1883. सर सालारजंग नुकतेच वारले होते. हैदराबादपासून रूळ पुढे वाढवून ते इंग्रजी मुलखातल्या चांद्याशी, म्हणजे आजच्या चंद्रपूरशी जोडण्याची योजना निघाली होती. भांडवल लंडनचे, व्याजाची हमी मात्र निजामाच्या खजिन्याची. म्हणजे गाडीला तोटा आला तरी भागीदाराचे व्याज बुडायचे नाही. ते कोण भरणार? अर्थात मोगलाईतली रयत!

हैदराबादच्या शिकलेल्या मंडळींनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी मिळून, सभा घेतल्या. त्यांत सरोजिनी नायडूंचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय पुढे होते, मुल्ला अब्दुल कय्यूम होते. त्यांचे म्हणणे फार मोठे नव्हते. करारात काय लिहिले आहे ते लोकांना कळू द्या, एवढेच. 'रेल्वे नको' असे ते म्हणत नव्हते. पण मे महिन्यात अघोरनाथांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले, आणि त्याच वर्षी करार झाला.

निजामाची हमी असलेली ही कंपनी मग वाढत गेली. 1900 च्या सुमारास तिचे रूळ नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडला मिळाले. बीड शहर बाजूलाच राहिले. पुढे जिल्ह्यातल्या परळीला गाडी आली, ती पूर्वेच्या कोपऱ्यात. पश्चिमेला नगरात तर 1878 पासूनच शिट्टी वाजत होती. पण नगर इंग्रजांचे आणि आम्ही मोगलाईतले. 1948 साली निजामाचे राज्य गेले, नकाशावरची रेघ पुसली. तरी तिच्यावरून बीडपर्यंत रूळ यायला 2025 उजाडले. मधल्या काळात मागण्या झाल्या, आंदोलने झाली, 1995 साली मंजुरी मिळाली, 2022 मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली. खर्चाचा निम्मा वाटा या वेळी राज्य सरकारने उचलला.

आजही जगात हाच खेळ चालू आहे. 2021 च्या डिसेंबरात चीनच्या सरहद्दीपासून लाओसच्या राजधानीपर्यंत गाडी धावू लागली. तेथेही लोक हौसेने तिच्यात बसतात, आणि चीनचे कर्ज कोण आणि कसे फेडणार, हेही विचारतात. त्यांना कोणी कृतघ्न म्हणू नये. अघोरनाथांचाच तो प्रश्न आहे.

म्हणून स्टेशनावर टाळ्या वाजवताना मीही एक प्रश्न मनात जपून ठेवला. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुले, भांडी, शेळ्या यांसह ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, थंडीवाऱ्यात. ही गाडी त्यांच्या वेळेला, त्यांच्या वाटेने आणि त्यांच्या खिशाला परवडेल अशी धावेल का? आता संस्थान नाही, हद्दपारीचे भय नाही. विचारायला काय हरकत आहे?

आजी असती तर तिने आधी इंजिनाला हळदकुंकू वाहिले असते. आणि मग नक्की विचारले असते, "का रे, ही पंढरपूरला कधी जाणार?"