किल्ल्यांच्या जुडग्यांतली विजेरी

आज मी आपल्याशीं एका अगदीं लहान वस्तूविषयीं बोलणार आहें. ही वस्तु अंगठ्याएवढी असते, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवितां येते, आणि पुष्कळ घरांत ती कोणी तरी भेट दिलेली, सेल संपलेली, अशी एखाद्या खणांत पडून असते. पुस्तकी भाषेंत तिला विजेरी म्हणतात. आमच्या बारामती-इंदापूरकडे तिला सरळ बॅटरी म्हणतात. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत दिवा असलेला मोबाईल फोन असतांना या खेळण्याची गरज ती काय, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर दुकानांत सांपडण्यापेक्षां शेताच्या बांधावर लवकर सांपडतें, म्हणून मी तेथूनच आरंभ करतों.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके कमी पावसाचे. येथें जें हिरवेपण दिसतें तें कालव्याचें, नदीवरील उपशाचें आणि विहिरींचें. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागाला पाणी देत आला आहे. भीमेवरचें उजनी धरण १९८० सालीं पुरें झाल्यावर इंदापूर तालुक्यांतील नदीकांठाला जलाशयाचें पाणी मिळूं लागलें. परंतु पाण्याला दिवस-रात्र नसते. कालव्याची शेजपाळी ज्याच्या शेतावर रात्रीं दोन वाजतां येते, त्याला रात्रीं दोन वाजतांच दारें धरावीं लागतात. शेतीपंपांची वीजहि अनेक वर्षें आळीपाळीनें, कधीं दिवसा तर कधीं रात्रीं, अशी मिळत आली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याच हेतूनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू झाली. कालव्याची पाळी मात्र सूर्याकडे पाहून येत नाहीं. त्यांतच हिवाळ्यांत उंसाचा हंगाम येतो. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांकडे उंसाच्या गाड्या रात्रंदिवस चालू असतात, आणि फडांत पहांटेच्या अंधारांत कोयते चालूं लागतात.

आपण म्हणाल, आम्ही तर शहरांत राहतों. पण बारामतींतील, इंदापुरांतील, किंबहुना पुण्यांतीलहि किती तरी घरांचा एक पाय अजून गांवीं आहे. चुलते किंवा थोरले बंधु शेत पाहतात. सुटींत आपण मुलांना घेऊन तेथें जातों. शेवटची एस. टी. फाट्यावर सोडते आणि वस्तीपर्यंतची वाट पायींच उरते. ती वाट पाऊण मैलाची असली तरी अंधार पुरा असतो.

या अंधारांतलें खरें भय सापाचें आहे. भारतांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें दरवर्षीं सरासरी सुमारें ५८,००० माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिला आहे. यांतील बहुतेक मृत्यु खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार जाती आपल्याकडील बहुतेक प्राणघातक दंशांना कारण होतात. त्यांपैकीं मण्यार रात्रीं हिंडते. घोणस पाचटांत किंवा गवतांत निपचित पडून राहते, आणि तिच्यावर पाय पडला म्हणजे चावते. विजेरी पाहून साप पळून जाईल अशा भरंवशावर कोणी राहूं नये. प्रकाश हवा तो आपल्याला, पुढचें पाऊल कोठें पडणार तें दिसण्यासाठीं.

विजेरी निवडतांना हीच एक कसोटी मनांत धरावी. पुढचीं चार पावलें स्वच्छ दिसावींत आणि ऐन वेळीं दिवा लागावा. बाकीचे सर्व गुण यानंतरचे.

आतां फोनचा दिवा कां पुरत नाहीं, तें पाहूं. एका हातांत फावडें आणि दुसरा हात चिखलानें भरलेला, अशा वेळीं फोन काढणें अवघड, आणि पाटांत पडला तर दिवाहि गेला आणि फोनहि गेला. दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. ज्या प्रसंगीं दिवा लागतो त्याच प्रसंगीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्याची पाळी येऊं शकते. त्या क्षणीं फोनची शिल्लक वीज दिव्यापायीं संपलेली असूं नये. दोन कामें दोन साधनांवर सोंपवावींत हें बरें.

पूर्वीच्या विजेरींत कांचेचा बल्ब असे. त्यांतील बारीक तार तापून लाल-पांढरी होई, आणि विजेचा बहुतेक भाग उष्णतेंत वायां जाई. विजेरी हातांतून पडली कीं तार तुटे. आतांच्या विजेरींत तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या लहानशा कपच्यांतून वीज वाहूं लागली म्हणजे त्यांतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरतात, आणि त्या उतरणींत सुटलेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. यालाच एल. ई. डी. म्हणतात. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं डोळ्याला दिसणारा तांबडा प्रकाश देणारी एल. ई. डी. तयार केली. निळा प्रकाश मात्र फार दिवस हातीं लागला नाहीं. तो जपानांतील आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांच्या परिश्रमानें साध्य झाला. १९९३ सालीं नाकामुरा यांची तेजस्वी निळी एल. ई. डी. पुढें आली, आणि २०१४ सालीं या तिघांना पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या कपच्यावर पिवळी प्रभा देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला म्हणजे निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा प्रकाश भासतो. आपल्या जुडग्यांतला दिवा हा असा आहे.

दुकानांत गेल्यावर पहिली भुरळ पडते ती वेष्टणावरच्या आंकड्याची. प्रकाशाचें माप ल्युमेनमध्यें देतात, आणि कोणी पांचशें लिहितो, कोणी हजार. येथें थोडें घरगुती गणित उपयोगीं पडतें. दूरचित्रवाणीच्या रिमोटांत जो बारीक सेल असतो, ज्याला ट्रिपल-ए म्हणतात, त्यांत ढोबळ मानानें सव्वा वॅट-तास वीज असते. चांगली एल. ई. डी. एका वॅटांतून सुमारें शंभर ल्युमेन काढते. म्हणजे त्या एका सेलांत सव्वाशें ल्युमेन-तासांचा सांठा झाला. तो दहा ल्युमेननें खर्च केला तर बारा तास पुरेल. शंभर ल्युमेननें केला तर जेमतेम एक तास, आणि प्रत्यक्षांत त्याहूनहि कमी, कारण घाईनें ओढलेली वीज सेल पुरती देत नाहीं. एवढ्याशा सेलावर हजार ल्युमेन आणि दहा तास, असें कोणी छापलें असेल तर तें खोटें आहे, हें सांगावयाला प्रयोगशाळा लागत नाहीं.

प्रकाश चौपट केला तरी डोळ्याला तो चौपट भासत नाहीं. फार तर दुपटीएवढा वाटतो. अंधाराला सरावलेला डोळा तर थोड्या प्रकाशांतहि चांगलें पाहतो. तो सराव पुरा होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि प्रखर झोतानें तो क्षणांत मोडतो. पायाखालची वाट पाहण्यास पांच ते वीस ल्युमेन पुरतात. म्हणून मंद, मध्यम आणि प्रखर अशा दोन-तीन पायऱ्या असलेली, आणि पहिल्या दाबाला मंद लागणारी विजेरी घ्यावी. प्रखर पायरी विहिरींत डोकावण्यापुरती किंवा दूर हांक देणारा कोण तें पाहण्यापुरती वापरावी.

वेष्टणावरील तासांचा आंकडाहि समजून घ्यावा. २००९ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या आणि आतां पुष्कळ उत्पादकांनीं स्वीकारलेल्या प्रमाणानुसार, दिवा आरंभींच्या तेजाच्या एक-दशांशावर येईपर्यंतचा काळ "चालण्याचा काळ" म्हणून मोजतात. चार तास लिहिलें असलें तरी चौथ्या तासाच्या शेवटीं मूळच्या दहाव्या हिश्शाएवढाच उजेड उरलेला असतो. तसेंच "पल्ला" म्हणून जें अंतर देतात, तेथें पडणारा प्रकाश सुमारें पौर्णिमेच्या चांदण्याएवढा असतो. तेथपर्यंत सर्व स्पष्ट दिसेल, असा अर्थ घेऊं नये.

झोताचा आकारहि पाहावा. कांहीं विजेऱ्या अरुंद, भाल्यासारखा झोत टाकतात. तो दूर जातो, पण पायाजवळ अंधार ठेवतो. बांधावर चालणाऱ्याला रुंद आणि मऊ झोत हवा. रंगाविषयींहि एक सूचना आहे. स्वस्त विजेऱ्यांचा प्रकाश निळसर असतो, आणि त्यांत तपकिरी रंगांचे भेद पुसले जातात. वाळलेल्या पाचटावर पडलेली तपकिरी घोणस ओळखावयाची असेल तर किंचित उबदार पांढरा प्रकाश अधिक कामाचा. दुकानांत आपल्या तळहातावर झोत टाकून पाहावा. त्वचा निर्जीव, राखी दिसली तर ती विजेरी ठेवून द्यावी.

आतां सेलाचा प्रश्न. तीन प्रकार बाजारांत मिळतात. पहिला नाण्यासारखा चपटा सेल. त्यावर २०३२ असा आंकडा असतो. त्यांतील पहिले दोन अंक व्यास वीस मिलिमीटर असल्याचें सांगतात, आणि पुढचे दोन जाडी ३.२ मिलिमीटर असल्याचें. हा सेल न वापरतां वर्षानुवर्षें टिकतो, पण जोरदार प्रवाह देत नाहीं. कुलूप, जिना आणि वीज गेलेलें माजघर यांना तो पुरतो. दुसरा ट्रिपल-ए. याचा मोठा गुण असा कीं तो लहान गांवच्या किराणा दुकानांतहि मिळतो. दोष असा कीं साधा अल्कली सेल संपल्यावर तसाच राहिला तर पाझरतो आणि आंतली पितळ-पट्टी खातो. म्हणून संपलेला सेल विजेरींत ठेवूं नये. तिसरा प्रकार यु. एस. बी. तारेनें भरतां येणारा. ज्याला रोज घरीं वीज मिळते त्याला हा सोयीचा. मात्र भरण्याची आठवण ठरवून ठेवावी लागते. मला दर अमावास्येचा दिवस योग्य वाटतो; त्या रात्रीं विजेरीची गरज सर्वांत अधिक असते, आणि तिथि घरांतल्या कोणाच्या तरी ध्यानांत असतेच.

बटणाविषयीं एवढेंच सांगतों. फार हलकें बटण खिशांत आपोआप दाबलें जातें, आणि ऐन वेळीं सेल संपलेला आढळतो. पिळून लागणाऱ्या विजेरीला हें भय कमी, पण तिला कित्येकदां दोन्ही हात लागतात. घेण्यापूर्वीं एका हातानें, शक्य तर ओल्या हातानें, दिवा लावून पाहावा. पाण्यासाठीं आय. पी. एक्स. हीं अक्षरें पाहावींत. चार हा अंक शिंतोड्यांपुरता. सात असेल तर ती एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूं शकते. पाटावर जाणाऱ्यानें सातच घ्यावा.

घरांत लहान मूल असेल त्यानें पुढचें वाक्य विसरूं नये. नाण्यासारखा सेल मुलानें गिळला आणि तो अन्ननलिकेंत अडकला तर दोन तासांच्या आंत आंतली त्वचा खोल भाजते. तो संपलेला असला तरी अपाय करूं शकतो. अशी शंका आली तरी वाट न पाहतां रुग्णालयांत नेऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घ्यावें. चपट्या सेलाची विजेरी घेतांना तिचें झांकण स्क्रूनें बसविलेलें आहे अशीच घ्यावी.

शेवटीं, या लहान दिव्याकडून काय मागूं नये तेंहि सांगितलें पाहिजे. रात्रीं दारें धरावयाला जाणाऱ्याला घोट्यावर येणारे गमबूट, हातांत काठी आणि मोठी बॅटरी हीं हवींतच. जुडग्यांतली विजेरी हा मोठी बॅटरी विझली असतांना घरापर्यंत आणणारा दुसरा दिवा आहे. दंश झालाच तर कापणें, चोखणें, आवळून बांधणें, मांत्रिकाकडे नेणें यांपैकीं कांहीं करूं नये. दंशाचा अवयव हलूं न देतां माणसाला लवकरांत लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत न्यावें.

गांवच्या चुलत्यांना या दिवाळींत कांहीं द्यावयाचें मनांत असेल तर ट्रिपल-ए सेलाची, मंद पायरीची, पाण्याला न भिणारी एक विजेरी द्या, आणि ती त्यांच्या मोटारघराच्या किल्लीला आपल्या हातानें अडकवून द्या. रात्रीं पाण्यावर जातांना किल्ली कोणी विसरत नाहीं. तिच्याबरोबर दिवाहि जाईल. आणि आपली स्वतःची विजेरी आज निजण्यापूर्वीं खणांतून काढून, घरांतले दिवे मालवून, एकदां लावून पाहा.