घरातला न दिसणारा धूर

चूल गेली आणि घरातील धूरही गेला, अशी शहरवासीयांची समजूत असते. वस्तुतः धूर गेला नाही. तो दूरच्या औष्णिक विद्युत्केंद्राच्या धुराड्यातून निघू लागला, इतकेच. भारतातील वीज अजूनही बव्हंशी कोळशापासून निर्माण होते. तिच्या प्रत्येक युनिटामागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळतो आणि पृथ्वीच्या तापात भर घालतो.

६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळल्यास वर्षाला सुमारे ११० युनिटे लागतात. जवळजवळ तितकाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास १६ युनिटे पुरतात. म्हणजे एका दिव्याच्या बदलाने सुमारे ६५ किलो वायू वाचतो. पंख्यांचीही हीच कथा: जुना पंखा ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या धर्तीचा सुमारे ३०.

काटकसरीनंतर निर्मिती. छपरावरील एक किलोवॅटचा सौरसंच दिवसाला सरासरी चार युनिटे देतो. दिवसाची शिल्लक वीज विद्युत्जालात जाते व रात्रीची गरज तेथूनच भागते. २०२४ साली आरंभिलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान ठेवण्यात आले.

तथापि क्रम उलटा होऊ नये. उधळपट्टी तशीच ठेवून मोठा संच बसविणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय. शिवाय छप्पर सर्वांच्या मालकीचे नसते. अनावश्यक दिवा मालवणारा हात मात्र भाडेकरूलाही असतो.